डबी फोडण्याआधी

प्रिय सुहास,

कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या, डबीचा फोटो मिळाला. रंगातल्या शिशापासून मेंदू वाचवायला तू ती घ्यायची म्हणतोस. “उंदरांवर चालतं, मग माझ्यावर का नाही?” हा तुझा प्रश्न चार दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून फोन न करता लिहायलाच बसलो.

ते उंदीर मी प्रयोगशाळेत रोज बघतो. गोल टाकीतलं पाणी दुधाच्या पावडरीने गढूळ केलेलं आणि पाण्याखाली बोटाच्या जाडीएवढा खोल लपवलेला चौथरा. धडधाकट उंदीर चार-पाच दिवसांच्या सरावाने सरळ तिथे पोहोचतो. मेंदूला इजा करणारं ॲल्युमिनियम क्लोराइड दिलेला मात्र कडेकडेनेच गोल पोहत राहतो. सोबत क्वेर्सेटिन (हेही वनस्पतींतलंच द्रव्य) किंवा कर्क्युमिन मिळालेला बऱ्याचदा या दोघांच्या मधे असतो. ते बघून मलाही हुरूप येतो, खोटं कशाला बोलू!

पण ‘सोबत’ म्हणजे काय, ते बघ. धातू आणि उतारा बहुतेक वेळा एकत्रच सुरू होतात, तेही वजनाप्रमाणे मोजून, नळीने थेट पोटात. तू सहा वर्षं जुन्या दारांचा रंग घासतोयस. त्यात शिसं असेल, तर ते एव्हाना हाडांत जाऊन बसलं असणार आणि तिथून वर्षानुवर्षं रक्तात झिरपत राहणार.

शिसं मोठं लबाड. कॅल्शियमचं सोंग घेऊन मेंदूत शिरतं, आणि पेशींचं राखणदार ग्लुटाथायोनही निकामी करतं. मेंदू वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्के. त्यात स्निग्धांश भरपूर, म्हणजे भडका उडायला सगळी तयारी. वनस्पतींतली ही द्रव्यं तो भडका शमवतात, काही तर लोह-तांबं धरूनही ठेवतात. परीक्षानळीत. पोटातून रक्तात मात्र कर्क्युमिन फारच थोडं उतरतं.

सक्सिमर हे तर शिसं बाहेर काढणारं खरंखुरं औषध. ७८० लहान मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००१ साली आले: रक्तातलं शिसं उतरलं, बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. हे वाचल्यापासून मी कुणालाही डबी सुचवत नाही. (आणि हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचाच पिवळा रंग, मिसळल्याचेही प्रकार सापडलेत. बोल आता!)

तेव्हा आधी रक्तातलं शिसं तपासून घे. कोरडं घासणं आजपासून बंद, रंग ओला करूनच काढ. धूळ अडवणारा चांगला मास्क लाव, साधं फडकं नको. आणि ते कपडे घालून छोटीला उचलू नकोस, घरी जायच्या आधीच बदल.

रिपोर्ट आला की आकडा कळव. डबी तोवर फोडू नकोस.

तुझा,
अनिल