पॉइंटवाल्या जुन्या गाड्या: इग्निशनबाबत सूचना

सर्व सभासदांसाठी. गाडी सुरू होईना की हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. कृपया तो उघडण्यापूर्वी ठिणगी तपासा. स्पार्क प्लग काढून त्याच्या वायरच्या कॅपमध्ये बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनला घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लग हातात धरू नका आणि इंजिनच्या हेडमधल्या, प्लग काढलेल्या भोकापासून लांब ठेवा. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते.

ठिणगी पिवळट, अशक्त असेल तर पॉइंट (वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क, ज्यांच्यामुळे ठिणगी पडते) पाहा. पूर्ण उघडल्यावर त्यांच्यातला गॅप बऱ्याच गाड्यांत ०.३ ते ०.४ मि.मी. असतो, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. पॉलिश पेपर नको, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात. बारीक फाईल वापरा, मग कोरा कागद फिरवून पॉइंट पुसा. गॅप बदलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकते, तेही पुन्हा लावा.

गार इंजिन छान चालते, तापले की बंद पडते, निवल्यावर परत सुरू होते? मग संशय कंडेन्सरवर (पॉइंटवरच्या ठिणग्या दाबणारा भाग) किंवा कॉइलवर (प्लगसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारा भाग). चालू इंजिनात पॉइंटवर मोठ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर बदलाच. वर्षानुवर्षे पडून राहिलेला, न वापरलेला कंडेन्सरही खराब निघू शकतो, म्हणून तो तपासूनच बसवा.