पाळणाघरांची यादी जाहीर करा

महोदय,

महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाले. मुख्य सचिवपदी पहिली महिला, सुजाता सौनिक, आल्या त्या २०२४ मध्ये. अशा वेळी अभिनंदनाचे फलक लागतात, पण खरी गळती होते ती मधल्या पायऱ्यांवर.

आमच्या कार्यालयात महत्त्वाची बैठक हटकून संध्याकाळी साडेसहाला लागते. विभागप्रमुख बाई फोनवर 'वरणभात गरम करून घे रे' सांगत आत शिरतात, तोच कुणीतरी म्हणतो, 'मॅडम, इतिवृत्त तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर छान आहे.' साहेब चिडले तर शिस्तीचे. बाई चिडल्या तर 'आज घरी काहीतरी बिनसलेलं दिसतंय!' प्रसूती रजेवरून परतलेलीला 'जरा हलकं काम घ्या' म्हणायचे आणि बढतीच्या वेळी तेच हलके काम आडवे घालायचे, हीही रीतच.

२०१७च्या कायदादुरुस्तीने ही रजा २६ आठवड्यांची झाली, त्याचे कौतुक झाले. त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले, त्याचे मात्र कुणी नाव काढत नाही. कामगार विभागाने तपासणी करून किती ठिकाणी ते खरोखर चालू आहे, हे जिल्हावार जाहीर करावे.

– एक नोकरदार वाचक, पुणे