स्टॉक कार रेसिंगचा आमचा पहिला सीझन संपला, दोन ओळी तरी छापा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरात ऑनलाइन गेममधे पैसे घालवणाऱ्या पोरांवर मोठी बातमी आली होती. ती खरीच होती, आमच्या गल्लीत असं एक घर आहे, त्यामुळे त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच बातमीत शेवटी एका ओळीत कार रेसिंगच्या गेम पण टाकल्या, रमी आणि बेटिंगच्या शेजारी, आणि माझ्या आईने दुसऱ्या दिवशी तो पेपर घडी करून माझ्या गेमच्या स्टिअरिंगशेजारी आणून ठेवला. बोलली काहीच नाही. ते मनाला लागलं म्हणून लिहितोय.

मी अंबडला एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहे, राहायला सिडकोत. आम्ही काही जणांनी मिळून या वर्षी ऑनलाइन, म्हणजे आपापल्या घरी बसून गेममधे, स्टॉक कार रेसिंगची चॅम्पियनशिप घेतली, पहिलाच सीझन, दर रविवारी रात्री साडेनऊला एक रेस अशा १० रेसेस. सुरुवातीला २२ जण होतो, नाशिकचे जास्त, बाकी सिन्नर, मालेगाव, संभाजीनगर आणि दोघं पुण्याचे, शेवटच्या रेसला १५ उरले. एंट्री फी नाही, रोख बक्षीस नाही, ट्रॉफी सातपूरच्या एका मित्राने ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मिलिंग करून बनवली. जिंकणाऱ्याला ४० पॉइंट, दुसऱ्याला ३५, मग एकेक कमी, नॅस्कारने, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कारच्या रेसेस घेणाऱ्या संस्थेने, २०१७ ला आणलेलीच पद्धत आम्ही घेतली. एवढा सगळा हा जुगार.

आता स्टॉक कार म्हणजे काय तर फॉर्म्युला वनसारखी उघड्या चाकांची गाडी नाही, दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी, वजनाला दीड टनाच्या आसपास, आणि ती बहुतेक वेळा लंबगोल ट्रॅकवर पळते. लोक म्हणतात त्यात काय, नुसतं डावीकडे वळायचं. मी पण असंच म्हणायचो. अमेरिकेतला डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा म्हणजे साधारण ४ किलोमीटर, वळणावर रस्ता ३१ डिग्री तिरका, कसारा घाटातल्या वळणाला जो कल असतो तो त्यापुढे काहीच नाही. आणि तिथे एकटी गाडी पुढे जात नाही हो. पुढची गाडी हवा फोडते म्हणून मागच्याला अडथळा कमी होतो, आणि मागचा चिकटून आला की पुढच्या गाडीला मागे खेचणारी हवाही कमी होते, म्हणून दोघं मिळून एकट्यापेक्षा फास्ट जातात. आपले नाशिकचे सायकलवाले पंढरपूरला निघतात तेव्हा एकामागे एक राहतात ते यासाठीच, त्यांना विचारा. म्हणजे ज्याला हरवायचंय त्याच्यावरच ३५-४० लॅप (फेऱ्या) भरवसा ठेवायचा, त्याच्या बंपरपासून वीतभर अंतरावर, आणि शेवटच्या लॅपला कुठल्या क्षणी त्याची साथ सोडून बाहेर पडायचं हे ठरवायचं. लवकर निघालात तर मागे कोणी येत नाही आणि आठवे-दहावे होता. उशीर केला तर दुसरे.

मार्टिन्सव्हिल हा तिथलाच दुसरा ट्रॅक, तिथे याच्या बरोबर उलटं. ट्रॅक जेमतेम ८५० मीटरचा, सगळं ब्रेकवर. कायम डावीकडे वळायचं म्हणून भार उजव्या टायरांवर येतो आणि ते आधी जातात, मग गाडीचं नाक वळत नाही त्याला आम्ही टाइट म्हणतो, शेपूट सुटायला लागलं की लूज. सुरुवातीला केलेल्या घाईची किंमत रेस संपायच्या आत मोजावी लागते. मी तिथे २० लॅप लीड केलं आणि शेवटी नववा आलो, तेव्हापासून ॲक्सिलरेटरवर पाय हळू ठेवायला शिकलो, आता बाइकवर पण तसाच ठेवतो, द्वारकेच्या चौकात सुद्धा.

पहिली रेस मात्र आम्हाला कोणालाच आठवायला आवडत नाही. ३० लॅपमधे ७ वेळा पिवळा झेंडा (ॲक्सिडंट झाला की सगळ्यांना हळू करायला दाखवतात तो), सगळे एकमेकांवर चढले, मी स्वतः सिन्नरच्या एका पोराला दुसऱ्या वळणावर भिंतीत घातलं आणि वर त्यालाच ग्रुपवर बोललो. रात्री रिप्ले पाहिला तर चूक शंभर टक्के माझी. दुसऱ्या दिवशी फोन करून सॉरी म्हटलं. त्यानंतर आम्ही नियम केला की प्रत्येक रेसनंतर तीन जण रिप्ले बघून निकाल कायम करतील आणि ज्याच्या चुकीने ॲक्सिडंट झाला तो पुढच्या रेसला सगळ्यात मागून सुटेल. पहिली शिक्षा मलाच झाली आणि ती योग्य होती. शेवटच्या रेसला पिवळा झेंडा फक्त एकदा आला. पोरं सुधारली म्हणा किंवा शिकली म्हणा, पण हा फरक मी दर रविवारी डोळ्यांनी बघितलाय.

आणि पहिल्या सीझनला भांडणं होणारच. १९ जून १९४९ ला शार्लटला नॅस्कारची स्ट्रिक्टली स्टॉक, म्हणजे फेरफार न केलेल्या गाड्यांची पहिली रेस झाली, त्यात जो पहिला आला त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगमधे फेरफार निघाला म्हणून त्याला बाद करून दुसऱ्याला विजेता केलं. त्या सीझनला ८ रेसेस होत्या आणि चॅम्पियन झाला रेड बायरन, ज्याचा पाय दुसऱ्या महायुद्धात विमानात जखमी झाला होता, तो क्लचच्या पेडलला पाय जोडून घेऊन गाडी चालवायचा. हे मी मुद्दाम लिहितोय कारण आमच्या मालेगावच्या मित्राच्या दोन्ही पायांत जोर नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून त्याने पेडलला लोखंडी दांडे जोडून घेतलेत, एका हाताने दांडे आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग. तो सीझनमधे चौथा आला. मला सांगा, असा कुठला मैदानी खेळ आहे जिथे तो आणि मी एकाच लाइनीत उभे राहू आणि तो मला हरवेल?

घरी बसून शिकलेलं खोटं असतं असंही नाही. विल्यम बायरन हा आत्ताचा ड्रायव्हर कॉम्प्युटरवर रेस करून शिकला, मग खऱ्या गाडीत बसला, आणि २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं डेटोना ५०० ही नॅस्कारची सगळ्यात मोठी रेस जिंकला. २०२० च्या लॉकडाउनमधे खऱ्या रेसेस बंद होत्या तेव्हा नॅस्कारचे ड्रायव्हर आपापल्या घरून ऑनलाइन रेस करत होते आणि अमेरिकेत ती टीव्हीवर लाइव्ह दाखवली. आपल्या कोइम्बतूरचा नरेन कार्तिकेयन २०१० ला नॅस्कारच्या ट्रक सीरिजमधे (पिकअप गाड्यांच्या रेसेस) उतरला होता, मार्टिन्सव्हिललाच, आणि त्या वर्षी त्या सीरिजचा सगळ्यात लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून निवडला गेला. किती मराठी वाचकांना माहितीये हे?

ऑगस्ट २०२५ मधे संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्यात पैसे लावायच्या गेमवर बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या गेमना, त्यापासून वेगळं काढून मान्यता दिलीये. कायद्याने जो फरक केला तो बातमीत पण ठेवा एवढंच माझं म्हणणं आहे, कारण आमच्या सेकंडहँड स्टिअरिंग व्हीलचे १५ हजार कुठून आले, कशाला गेले, हे घरच्यांना पटवताना पेपरातली एक ओळ खूप जड पडते. आई पेपरवर विश्वास ठेवते, माझ्यावर नंतर.

दुसरी विनंती, जमलं तर. तालुक्याच्या कॅरम स्पर्धेचा निकाल तुम्ही छापता, फार चांगलं करता, तसाच आमचा पण दोन ओळींत छापा. चॅम्पियन सिन्नरचाच पोरगा झाला, तोच ज्याला मी भिंतीत घातला होता. त्याचे वडील शेती करतात, शेवटच्या रेसला रात्री अकरापर्यंत ते त्याच्या मागे उभे होते आणि शेवटच्या लॅपला त्यांनी त्याच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, आम्हाला सगळं व्हिडिओवर दिसत होतं.

दुसरा सीझन दिवाळीनंतर सुरू करतोय, पहिली रेस डेटोनाला. तुमच्या क्रीडा प्रतिनिधींना एका रविवारी माझ्या घरी पाठवा, साडेनऊच्या आधी जेवायलाच या म्हणावं. आईला मी तसं सांगून ठेवलंय.

आपला वाचक,
सिडको, नाशिक
(नाव आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नये ही विनंती.)