मे महिन्यात छाटणी? आधी आमचा निंब बघून जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत उन्हाळ्यात अंगणातल्या झाडांची निगा कशी राखावी यावर अर्धं पान लेख आहे. सोबतचा फोटो फारच सुरेख. हिरवीगार लॉन, कडेला गुलाबाचे ताटवे, मागे धुकं. हे अंगण खानदेशात नेमकं कुठे आहे तेवढं कळवावं. आमच्या भुसावळात पारा पंचेचाळीसच्या वर गेलाय, महिनाभर तिकडेच मुक्कामाला जातो म्हणतो.

सकाळ-संध्याकाळ बुंध्याशी थोडं थोडं पाणी घाला, असं लेखकाचं म्हणणं. आमच्या नळाला पाणी केव्हा येतं ते आपणच छापता, त्यामुळे त्यावर काही बोलत नाही. पण पाणी असलं तरी आमच्या काळ्या जमिनीत हे चालायचं नाही. ही माती पाणी सावकाश पिते. तांब्या-तांब्याने घातलं की वरची दोन बोटं ओली होतात आणि दुपारच्या आत उडून जातात. मुळंही त्या ओलीपायी वरवरच राहतात, आणि जमीन भेगाळली की तीच आधी तुटतात. शिवाय मोठ्या झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात, फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर पसरलेली असतात. आळं तिथे करायचं. पाणी आठ-दहा दिवसांनी द्या, पण भरपूर द्या, आणि वर वाळलेला केळीचा पाला चार बोटं अंथरा, खोडाला न चिकटवता. रावेर-यावलकडच्या माणसाला विचारलं असतं तर त्याने चहा पाजून फुकट सांगितलं असतं.

पण पाण्याचं सोडा. मला पत्र लिहायला बसवलं ते छाटणीच्या परिच्छेदाने. उन्हाळ्यात झाडाचा शेंडा आणि वरच्या फांद्या छाटाव्यात म्हणे, म्हणजे पावसाळ्यात जोमाने फुटवा येतो! येतो ना. आमच्या दारात येऊन बघा.

आमच्या घरासमोर जुना निंब आहे. त्याच्या आडव्या फांदीला दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधला जायचा, गल्लीतल्या माहेरी आलेल्या लेकी त्यावर बसायच्या. मागल्या-मागल्या वर्षी आखाजी होते न होते तोच पावसाळ्याआधीच्या कामावर ठेकेदाराची माणसं कोयते घेऊन हजर. तारेला लागत होत्या वरच्या दोन बारक्या फांद्या. त्यांनी अख्खा शेंडा उतरवला, चारी बाजूंनी खुंट ठेवले आणि झोक्याची फांदीही घेतली. ती तारेच्या बाजूला नव्हतीच. मी विचारलं, ही का तोडली रे भाऊ? तर म्हणे, "काका, एका बाजूनं वजन राहिलं असतं. फुटंल की डबल!"

निंबाची पानगळ माघ-फाल्गुनात होते. चैत्रात नवी पालवी आणि फुलोरा येतो, आणि त्यात झाडाची वर्षभराची शिलकी खर्ची पडते. ती पालवी आता कुठे कमवायला लागली असते, तेवढ्यात तुम्ही ती कापून नेता. वर सावली गेल्याने आजवर ऊन न बघितलेलं खोड मे महिन्यात उघडं पडतं. आमच्या निंबाची पश्चिमेकडची साल तडकली, आता बोटाने टकटक केलं तर पोकळ वाजते आणि तिच्याखाली भुंगेऱ्यांनी पाडलेला भुसा सापडतो. पावसाळ्यात प्रत्येक खुंटाला खराट्यासारखा झुपका फुटला खरा, पण हे फुटवे खोडाच्या आतल्या लाकडात रुजलेले नसतात, सालीलगत लटकलेले असतात. गेल्या वर्षीच्या पहिल्या वादळात त्यातला मनगटाएवढा एक फुटवा सालीचा तुकडा घेऊन निखळला आणि शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडला. भरपाई मागायला शेजारी माझ्याकडे आले, ठेकेदाराकडे नाही.

वाळकी, मोडकी फांदी कधीही काढा. जिवंत फांदी काढायचीच तर थंडी सरताना, पालवीच्या आधी. जाड असेल तर आधी खालून थोडी करवत चालवायची, मग जरा पुढून वरून कापायची, म्हणजे पडताना साल ओरबाडत नाही. राहिलेला तुकडा मग सांध्याजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता काढायचा, कारण झाड जखम तिथूनच बुजवतं. अर्ध्या पानात एवढ्या चार ओळी मावल्या नसत्या? उलट खोडाला चुना लावणं ही "शोभा" असल्याचं वाचायला मिळालं. तो चुना ऊन परतवतो, लेखक महाशय.

झटपट हिरवळीसाठी कोनोकार्पस हे परदेशी झाड लावा, हाही सल्ला आहेच. आमच्या शेजारच्या गुजरातने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. पुरवणीला नवापूरच्या पलीकडची बातमी लागत नसावी.

आता निघालंच आहे म्हणून सांगतो. याच निंबाला आपल्या दैनिकाचा "आजच वर्गणीदार व्हा" असा पत्र्याचा बोर्ड ठोकलेला आहे, चांगल्या तीन इंची खिळ्यांनी. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला इजा करणंही येतं, हे आपल्याला माहीत असेलच, वृक्षदिनाला अग्रलेख आपणच लिहिता. तरी आपल्या एजंटाला बोर्ड उतरवायला सांगावं. आणि खिळेही काढून न्यावेत, मागच्या वेळी नुसता पत्रा ओढून नेला होता. वर्गणी मी भरलेली आहे.

आपला,
एक जुना वाचक, भुसावळ