सोनोग्राफीचा कागद मराठीत काऊन नाही?

संपादक साहेब,
मागच्या आठवड्यात आमच्या मामाचं पोट उजव्या बरगडीखाली भलतंच दुखत होतं, तालुक्याला नेऊन सोनोग्राफी केली तर कागदावर आलं 'कोलेलिथियासिस', अन् मामीनं घरी रडायलाच सुरुवात केली, तिला वाटलं कॅन्सरच. अर्थ साधा आहे, ग्रीकमधे कोले म्हणजे पित्त, लिथॉस म्हणजे दगड, मिळून पित्ताशयातले खडे. पण 'खडे' ऐकल्याबरोबर शेजारच्यानं मुतखडा समजून कुळथाचं पाणी सुरू करायला लावलं! अहो बाप्पा, मुतखडा किडनीत होते, हा खडा लिव्हरच्या खालच्या पिशवीत, कितीही पाणी पेलं तरी लघवीवाटे निघत नाही तो. तसंच शब्दाच्या शेवटी 'आयटिस' दिसलं की सूज, म्हणजे गॅस्ट्रायटिस जठराची, हिपॅटायटिस लिव्हरची, अन् 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढणं, एवढं तरी लोकायले कळाव ना. आता जठर, स्वादुपिंड हे मराठी शब्द पण शाळेच्या पुस्तकातच राहतात म्हणा, आमच्याकडे सगळं 'पोट'च. कागदाच्या मागं पेनानं 'पित्ताचे खडे, मुतखडा नाही' एवढं कोणी लिहून दिलं असतं तर मामी त्या रात्री झोपली असती.

एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ