आई-बाबा, ढग गडगडायच्या आधी प्लग काढा

ती. आई आणि ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायला गेलं की निम्मं राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवते. पत्राचा पहिला भाग तुमच्या दोघांसाठी आहे, मागचा वायरमनसाठी. तो आला की हे कागद सरळ त्याच्या हातात द्या.

एक घोळ आधी मिटवते. आपल्याकडे आभाळातली तीही वीज आणि तारेतली तीही वीज. या पत्रात वीज म्हणजे फक्त आभाळातली. तारेतलीला घरात म्हणतो तसं लाइट म्हणते.

वीज घरावरच पडली तर उपकरणं जळतात, हा समज काढून टाका. घरावर थेट पडणं विरळा. ती बहुतेक वेळा लांब कुठेतरी पडते, खांबावर, झाडावर, मोकळ्या जमिनीत. पण तिच्या एका झटक्यात साधारण ३०,००० अँपिअर प्रवाह असतो (घरातला एसी दहाच्या आसपास घेतो) आणि तो काही मायक्रोसेकंदांत चढतो. इतक्या झपाट्याने बदलणारा प्रवाह जवळपासच्या लांब तारांमध्ये त्यांना न शिवताही व्होल्टेज उठवतो. ती उसळी म्हणजे सर्ज. लाइटच्या तारेत, केबलच्या वायरीत, गच्चीवरून खाली आलेल्या डिशच्या वायरीत, कॅमेऱ्याच्या लॅन केबलमध्ये, सगळीकडे ती एकाच वेळी उठते, पण सगळीकडे सारखी नाही.

सगळी गोम या 'सारखी नाही'मध्ये आहे. उपकरण मरतं ते दोन तारांमधल्या फरकाने. टीव्हीला एक वायर लाइटची आणि दुसरी सेट-टॉप बॉक्समार्गे डिशची. लाइटच्या वायरीवर दोन हजार व्होल्टची उसळी आली आणि डिशची वायर वेगळीकडे अर्थ झालेली, म्हणजे जमिनीशी जोडलेली, असली, तर तो फरक टीव्हीच्या पोटातून वाट काढतो. म्हणून पुष्कळदा टीव्ही चालू होतो पण एचडीएमआयचा पोर्ट गेलेला असतो, किंवा राउटरचे दिवे लागतात पण लॅनचं एक भोक कायमचं मुकं झालेलं असतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

सगळ्यात भरवशाचा उपाय फुकट आहे: प्लग काढणे. बटण बंद करणे नव्हे. बटण फक्त फेजची तार तोडतं, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. शिवाय बटणाच्या आतल्या दोन पट्ट्यांमध्ये जेमतेम काही मिलिमीटरची फट असते आणि मोठी उसळी ती ओलांडू शकते. प्लग भिंतीपासून हातभर लांब पडला की मात्र तिला वाट उरत नाही.

आणि फक्त लाइटचा प्लग काढून भागत नाही. टीव्हीची लाइट काढली पण डिशची वायर तशीच ठेवली, तर एक दार लावून दुसरं उघडं ठेवल्यासारखं. बाहेरून घरात येणारी धातूची प्रत्येक वायर सोडवायची: डिशची, केबलची, गच्चीवरच्या कॅमेऱ्याची, तारेचा फोन असेल तर त्याची. इंटरनेट फायबरचं असेल तर काच लाइट वाहून नेत नाही, त्यामुळे ती पिवळी किंवा पांढरी बारीक वायर तशीच राहू द्या, तिला हात लावून उगाच मोडाल. बाहेरून येणाऱ्या काही फायबर केबलींना आधाराला पोलादी तार असते, ती मात्र घरात आत न आणता बाहेरच संपवलेली हवी. फायबरच्या डब्याला ॲडॉप्टर आहेच, तो काढा.

वेळ सांभाळा. ढगांचा आवाज ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, एवढं धरून चाला. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. ३ सेकंदांना सुमारे १ किलोमीटर. ३० सेकंद म्हणजे १० किलोमीटर, आणि तेवढ्या जवळ आलेल्या पावसात प्लग काढायची वेळ टळलेली असते. तेव्हा कुठल्याही वायरीला, नळाला, डिशच्या केबलला हात लावायचा नाही. टीव्ही गेला तर जाऊ दे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबून मग परत लावा. मोबाइल चार्जिंगला न लावता हातात धरून बोललात तर चालतं.

आई, तुला विचारायचंच असेल की रोज रोज टीव्हीमागे वाकून कोण प्लग काढणार. बरोबर आहे, बाबांना तर ते सांगूच नये. म्हणून टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि राउटर तिन्ही एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्या आणि त्या बोर्डाचा एकच प्लग कमरेच्या उंचीच्या, उभ्याने हात पोचेल अशा सॉकेटमध्ये लावा. डिशच्या वायरीलाही बॉक्सच्या अलीकडे हाताशी येईल असा एक जोड करून घ्या, स्क्रूचा. मग काम दोन हालचालींचं: प्लग ओढा, जोड फिरवून सोडा. फ्रिजचा प्लग मात्र असा हाताशी येत नसेल तर ओढाताण करू नका, त्याचं काम खाली वायरमनकडे दिलंय.

बाबा, तुमचा स्टॅबिलायझरवर फार भरवसा, तेवढा कमी करा. स्टॅबिलायझर हळूहळू चढणारं-उतरणारं व्होल्टेज सावरतो. त्यातला रिले हलायलाच काही मिलिसेकंद लागतात आणि सर्जचा खेळ मायक्रोसेकंदांत आटोपतो. एमसीबीचंही (भार जास्त झाला की आपोआप पडते ती) तसंच, ती पडेपर्यंत आतला बोर्ड जळून गेलेला असतो. घरचा साधा इन्व्हर्टर लाइट असताना तीच लाइट पुढे पाठवतो, त्यामुळे उसळीही पुढे जाते. ही यंत्रं वाईट नाहीत, पण ती दुसऱ्या कामाची आहेत.

सर्ज खरोखर अडवतो तो एमओव्ही नावाचा लहानसा भाग. नाण्याएवढी चपटी चकती, बहुतेक निळी, दोन पाय असलेली, आत झिंक ऑक्साइडचे दाबून भाजलेले कण. २३० व्होल्टवर ती गप्प असते, जणू तिथे नाहीच. व्होल्टेज काही शे व्होल्टच्या पुढे गेलं की नॅनोसेकंदांत वाहू लागते आणि उसळी स्वतःतून वळवून घेते. पण प्रत्येक मोठ्या घावाला ती थोडी झिजते. झिजत झिजत एक दिवस तापते, फुगते, निळा लेप तडकतो आणि काळी चिरफळी उरते. सर्ज प्रोटेक्टरचा बोर्ड त्यानंतरही लाइट देत राहतो, फक्त संरक्षण संपलेलं असतं. म्हणून बोर्ड घेताना त्यावर 'संरक्षण चालू' असा वेगळा दिवा असलेलाच घ्या आणि तो विझला की बोर्ड बदला. नुसतं 'स्पाइक' लिहिलेल्या पुष्कळ बोर्डांच्या पोटात लाल बटण आणि फ्यूज, बाकी काही नाही. जूलचा आकडा, म्हणजे बोर्ड उसळीची किती ऊर्जा झेलतो तो, छापलेला नसेल तर तो साधा एक्स्टेंशन बोर्ड समजा.

आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या ॲडॉप्टरने लावायचा नाही. प्लगची वरची जाड, लांब पिन अर्थची. ती लांब असते ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि सगळ्यांत शेवटी सुटावी म्हणून. ती हवेत राहिली तर प्रोटेक्टरमधल्या अर्थकडे जोडलेल्या एमओव्हींना उसळी सोडायला जागाच राहत नाही.

इथून पुढे वायरमनसाठी.

दादा, मुख्य डीबीमध्ये (एमसीबींची पेटी) टाइप २ एसपीडी, म्हणजे अख्ख्या घराचा सर्ज प्रोटेक्टर, बसवायचा आहे. सिंगल फेज असेल तर १+१ जोडणीचा, थ्री फेज असेल तर ३+१. म्हणजे फेज आणि न्यूट्रलमध्ये एमओव्ही, न्यूट्रल आणि अर्थमध्ये गॅस ट्यूब. कारण एमओव्ही म्हातारा झाला की गळतो, आणि थेट अर्थला जोडलेला असेल तर ती गळती अर्थच्या तारेत जाते. गॅस ट्यूब एरवी गळत नाही. असा एसपीडी आरसीसीबीच्या (गळती झाली की लाइट तोडतो तो) अलीकडे, मेन स्विचच्या बाजूला घ्या, नाहीतर उसळीला आरसीसीबी पडू शकेल. त्यावर यूसी (सतत सोसेल ते व्होल्टेज) २७५ किंवा ३२० व्होल्ट, यूपी (उसळी जिथे धरतो ते व्होल्टेज) १.५ किलोव्होल्ट किंवा कमी, आणि आयएन (पुन्हा पुन्हा झेलेल तो सर्जचा प्रवाह) निदान ५ किलोअँपिअर, मिळाला तर २० चा घ्या. वेष्टणावर मोठ्या अक्षरांत छापलेला आयमॅक्स (एकदाच झेलेल तो कमाल प्रवाह) वेगळा, तो आकडा पाहून निवडू नका. एसपीडीला स्वतंत्र एमसीबी किंवा फ्यूज हवा, किती अँपिअरचा ते कंपनीच्या कागदात दिलेलं असतं. इमारतीवर तडितरक्षक (वीज धरून जमिनीत नेणारी सळी) असेल तर विजेचा थेट प्रवाहही सोसणारा टाइप १+२ लागेल, आणि तडितरक्षकाचा अर्थ घराच्या अर्थला जोडलेला हवा. १७५० च्या दशकात फ्रँकलिनने दिलेली ती सळी भिंती आणि छप्पर वाचवते, टीव्ही नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती तारेच्या लांबीत. एसपीडीच्या फेजच्या टोकापासून अर्थबारपर्यंत (सगळ्या अर्थच्या तारा जिथे जोडतात ती पट्टी), दोन्ही बाजू मिळून, तार अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. एक मीटर सरळ तारेवरही सर्जच्या वेळी साधारण १,००० व्होल्ट पडतात, तार कितीही जाड असली तरी. हिशोब करून बघा: एसपीडी १.५ किलोव्होल्टवर धरतो, अर्ध्या मीटरचे अर्धा, एकूण २. घरगुती उपकरणं २.५ किलोव्होल्ट सोसतील अशी बनवलेली असतात, म्हणजे वाचली. तीच तार दोन मीटर फिरवून आणली तर एकूण ३.५ आणि एसपीडी असून नसल्यासारखा. जास्तीची तार गुंडाळी करून डीबीत कोंबायची तर अजिबात नाही, कापून टाका. अर्थची तार तांब्याची, किमान ६ चौरस मिलिमीटर. डीबीपासून दहा मीटरपेक्षा लांब असलेल्या उपकरणाजवळ आणखी एक टाइप ३, म्हणजे उपकरणाजवळचा छोटा एसपीडी, लागतो, कारण लांब तारेत उसळी पुन्हा फुगते. फ्रिज आणि गच्चीवरच्या पंपाचं त्या दृष्टीने बघा.

अर्थिंग. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून 'पेटला, म्हणजे चांगलं' असं कृपया म्हणू नका. १५ वॉटच्या बल्बचा स्वतःचा रोध साधारण ३,५०० ओहम, त्यामुळे २०० ओहमचं भिकार अर्थिंगही त्याला जवळजवळ पूर्ण पेटवतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो पडेल ते वेगळंच. अर्थ टेस्टरने मोजा आणि आकडा डीबीच्या झाकणावर तारखेसह लिहून ठेवा. गंजलेला नट-बोल्ट साफ करून नव्याने आवळा. सॉकेटमध्ये अर्थच्या जागी न्यूट्रलवरून तुकडा ओढलेला आढळला तर तो आधी काढा, न्यूट्रल सुटला की उपकरणाच्या पत्र्यात फेज येईल.

डिशची वायर, कॅमेऱ्याची वायर आणि लाइट, तिघांचं अर्थ एकाच बारवर आणायचं. डिशसाठी गच्चीत वेगळी सळी ठोकून तिथेच सोडली तर वीज पडल्यावर दोन सळ्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि तो टीव्हीत येऊन फुटतो. सगळे एका बारवर असले की सगळे एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात. मला विचाराल तर अर्थिंगचा ओहम दोनाने कमी करण्यापेक्षा हे एकत्र आणणं जास्त मोलाचं.

शेवटचं, ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले, म्हणजे व्होल्टेज फार चढलं किंवा उतरलं की लाइट तोडणारा. खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात आणि तेही मिनिटंच्या मिनिटं. एसपीडी क्षणाच्या उसळीसाठी आहे, असा सततचा भार आला तर तो स्वतः जळतो. रिले २७० च्या आसपास तोडणारा घ्या, आणि परत जोडायला ३ मिनिटं उशीर लावा, म्हणजे कॉम्प्रेसरला दाब उतरायला वेळ मिळेल.

पुन्हा तुमच्यासाठी. न्यूट्रल तुटल्याची खूण ओळखून ठेवा: दिवे एकाएकी फार पांढरे होतात, पंखा घोंगावू लागतो, किंवा अर्ध्या घरात लख्ख आणि अर्ध्यात मिणमिणतं. काय झालं ते बघत बसू नका, थेट मेन स्विच बंद करा. लाइट जाते तेव्हाही फ्रिज-एसी बंद करून ठेवावेत आणि लाइट येऊन ५ मिनिटं झाल्यावर लावावेत. येतानाचा धक्काही वाईट असतो.

एसपीडीवर छोटी खिडकी असते, हिरवी. दर मोठ्या पावसानंतर फक्त बघायचं, हात लावायचा नाही. लाल दिसली की वायरमनला बोलवा. बहुतेकांत वरची कॅसेट ओढून नवी बसते, अख्खा एसपीडी बदलायला लागत नाही. आरसीसीबीवरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबा, खटकन पडला पाहिजे. आणि वीज जवळ पडल्यावर कुठे जळका वास आला तर ते उपकरण 'बघू तरी चालतंय का' म्हणून लावू नका, बाबा. हे तुम्हालाच सांगतेय.

डीबीचं पारदर्शक दार उघडून, आतलं झाकण न काढता, समोरून एक फोटो काढून पाठवा. सिंगल फेजच्या एसपीडीला दोन एमसीबींएवढी, म्हणजे ३६ मिलिमीटर जागा लागते, आणि त्याच्या एमसीबीला आणखी. तेवढी रिकामी दिसली नाही तर वायरमनला शेजारी छोटी पेटी आणायला आधीच सांगते. फक्त ती अर्थबारला चिकटून बसली पाहिजे.

तुमची,
मोठी