बाग विकायची नाही

बोरिवली, सोमवार, रात्री

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

माझ्या ओवीच्या उपचारासाठी खालची बाग विकायचा विषय फोनवर निघाला की बाबा तुम्ही "बरं, बरं" म्हणून आईच्या हातात फोन देता, म्हणून लिहितेय. सकाळची गोळी घेऊन, चहा पिऊन मगच वाचा.

खालच्या बागेच्या गिऱ्हाइकाला मी परवा फोन केला. व्यवहार होणार नाही, इसार परत मिळेल, असं सांगून टाकलं. सातबाऱ्यावर नाव तुमचं आहे, रागवायचा हक्कही तुमचाच. पण एकदा साठेखत झालं असतं तर मागे फिरणं कठीण होतं. दादाच्या वेळी गोठा कसा रिकामा झाला ते मी पाहिलंय. तेव्हा आई गप्प राहिली होती. आता मी गप्प राहणार नाही.

आणि बाबा, त्या पैशांत घेण्यासारखं काही नाहीच आहे. रेट सिंड्रोमसाठी, म्हणजे ओवीच्या या जीनमधल्या बिघाडानं होणाऱ्या मेंदूच्या आजारासाठी म्हणून मंजूर झालेलं पहिलं औषध ट्रोफिनेटाइड, अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मंजूर झालं. पातळ औषध, दिवसातून दोनदा पाजायचं. त्यानं आजार जात नाही, काही मुलींना थोडा फरक पडतो, आणि पाचातल्या चौघींना जुलाब लागतात. खर्च कोटींत, तोही दरवर्षी. अख्खी बाग देऊन वर्षभराचंही औषध आलं नसतं.

तुम्ही पेपरात वाचलंत ती जीन थेरपी, म्हणजे चांगला जीन शरीरात घालायचा उपचार, वेगळी. ती अजून ट्रायलमध्ये आहे आणि तिथे पैसे भरून नंबर लागत नाही. वय काय, जीनमधला बिघाड नेमका कोणता, फिट्स आटोक्यात आहेत का, सगळं बघून घेतात. घेतलं तर एक पैसा मागत नाहीत. म्हणूनच काकांनी आणून दिलेला तो स्टेम सेलच्या उपचाराच्या जाहिरातीचा कागद मी फाडून टाकला. "ट्रायल आहे" म्हणायचं आणि वर लाखांचं पॅकेज सांगायचं! जिथे बसायचे पैसे लागतात ती ट्रायल नव्हे, दुकान. आपल्याकडे २००९ पासून प्रत्येक ट्रायलची सरकारी नोंद करावीच लागते, सीटीआरआय म्हणतात तिला. त्या माणसाला मी नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाला, "मॅडम, आधी पेशंटला घेऊन तर या."

मग अमेरिकेतल्या ट्रायलसाठी धडपड का करत नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न. आम्ही दोघांनी खूप विचार करून सध्या नाही म्हटलंय. ओवीचा बिघडलेला जीन, एमईसीपी२, अंगात कमी असून चालत नाही तसा जास्त होऊनही चालत नाही, जास्तीचा वेगळाच आजार होतो. आईच्या आमटीतल्या मिठासारखं आहे ते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या एका ट्रायलमध्ये जास्त मात्रा दिलेली एक मुलगी गेली. ती मात्रा त्यांनी बंद केली आणि कमी मात्रेवर काम चालू ठेवलं. शिवाय ज्या विषाणूत घालून तो जीन देतात, त्याच्याविरुद्ध शरीर एकदा तयार झालं की तेच औषध पुन्हा देता येत नाही. म्हणजे ओवीला बहुतेक एकच संधी. ती घाईत वापरायला माझा हात धजत नाही.

आम्ही सही केलीय ती दुसऱ्या कागदावर. आई, तू "पोरीवर प्रयोग नको" म्हणालीस ना, यात औषध नाही, सुई नाही. फक्त नोंद. ठरावीक महिन्यांनी जायचं, ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढायचा, पाठीचा बाक, झोप, गिळणं, श्वास रोखून धरते ते, सगळं मोजायचं, व्हिडिओ करायचा. असे आजार मुळात कमी, त्यामुळे औषधाविना या मुली कशा वाढतात हे नीट लिहिलेलं नसेल तर उद्या औषधानं फरक पडला की नाही हे कोण सांगणार? ट्रोफिनेटाइडच्या मोठ्या ट्रायलमध्ये १८७ मुली आणि तरुणी होत्या. त्यातल्या अर्ध्याअधिक जणींच्या बाटलीत १२ आठवडे औषध नव्हतंच, आणि असं होऊ शकतं हे माहीत असूनही त्यांच्या आयांनी हो म्हटलं होतं.

आणि आई, पुन्हा एकदा. मी सातव्या महिन्यापर्यंत लोकलनं जात होते म्हणून हे झालेलं नाही. देवीचं काही राहिलं म्हणूनही नाही. हा बिघाड जवळजवळ नेहमी नव्यानं, आपोआप होतो. आपल्या घराण्यातून नाही, सासरहूनही नाही. तू सोमवार करतेस तर कर, पण दोन्ही वेळ उपाशी राहायचं नाही.

ओवी बरी आहे. तू जुन्या साडीच्या शिवून दिलेल्या कोपराच्या पट्ट्या दुपारी बांधते. तेवढा वेळ हात चोळणं थांबतं, आणि बोटांच्या पेरांची सोललेली कातडी भरून यायला लागलीय. पेज आवडीनं खाते, उकडे तांदूळ संपत आलेत. परवा मोबाइलवर बाबांचा फोटो आणि पंख्याचा फोटो शेजारी धरले, तर बाबांकडे बघत राहिली, किती तरी वेळ. हाताचं राहिलंय ते डोळ्यांनी करते ती. २००७ मध्ये एडिनबराच्या लोकांनी उंदरांमध्ये हा जीन पुन्हा चालू केला, तर आजारी उंदीर सुधारले. म्हणजे मेंदूतल्या पेशी मेलेल्या नसतात, अडकलेल्या असतात. बाबा, मी ताप आला की तुमच्या खांद्यावर झोपायचे, तुम्ही खळ्यात फेऱ्या मारायचात. हे वाचलं त्या रात्री तसं झोपावंसं वाटलं.

आता ऐका. घळ घेऊन झाडावर चढायचं नाही, गडी मिळाला नाही तर आंबा पडू दे. साखर तपासून आकडा मला कळवायचा, "ठीक आहे" हा आकडा नव्हे. आईचा गुडघा दाखवायचा आहे, तारीख मी घेतलीय, तुम्ही दोघं इकडे या आणि पंधरा दिवस राहा. वरच्या मजल्याची काळजी नको, लिफ्ट दुरुस्त झालीय. आईसाठी पाट नाही, खुर्ची ठेवलीय देवापुढे.

तुमची,
बाळी

ता. क. इसार रोख देऊ नका, चेकनं द्या आणि पावती घ्या. पावतीचा फोटो पाठवायला शेजारच्या पोराला सांगा. येताना उकडे तांदूळ आणा, आंब्यांची पेटी नको, ओझं होतं.